बॅटरीशी भांडलेला माणूस

गणपती महिन्यावर आले की प्रत्येक मंडळात एक विषय हमखास निघतो. कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत भलामोठा ॲम्प्लिफायर असतो, त्यावर चकचकीत अक्षरांत 2000 वॅट असं छापलेलं असतं, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवतं की भाड्याच्या सिस्टिमवर एवढे पैसे घालवण्यापेक्षा हाच काढून लावू. याच्या उलट प्रयोग करणारेही असतात. एखादा पठ्ठ्या सेकंडहँड मिळालेला रॅकचा ॲम्प घेतो, इन्व्हर्टर घेतो आणि दोन्ही गाडीत कोंबतो. दोन्हीकडे शेवट बहुतेक वेळा एकाच वासाने होतो. जळक्या वायरच्या.

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी कलाकार असणारच. (कदाचित तो तुम्हीच असाल, हरकत नाही.) तर आज त्याच्यासाठी एका माणसाची गोष्ट. या माणसाने डीजेची भिंत कधी पाहिली नाही, सबवूफर हा शब्दही त्याच्या कानावर पडला नसेल. पण गाडीतला आवाज आणि हॉलमधला आवाज यांच्यात नेमका फरक कुठे आहे, हे त्याला स्वतःचे खिसे रिकामे करून कळलं होतं. त्याचं नाव पॉल गॅल्विन. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण त्याच्या कंपनीचं नाव तुमच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर होतं किंवा अजूनही असेल. मोटोरोला. त्या नावातला मोटर हा शब्द कुठून आला, याचा कधी विचार केलाय?

पॉलचा जन्म 29 जून 1895 चा. गाव हार्वर्ड. थांबा, ते प्रसिद्ध विद्यापीठवालं नव्हे. हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातलं छोटं गाव, दूधदुभत्याचं आणि रेल्वेचं. इथे गाड्या थांबायच्या, आणि थांबलेल्या गाडीतल्या भुकेल्या माणसांना पोरं खाऊ विकायची. तेरा वर्षांचा पॉल त्या पोरांत पॉपकॉर्न विकायला उभा असायचा. आपल्याकडे कर्जतला गाडी थांबली की वडेवाले धावतात, तसंच डोळ्यांसमोर आणा. पुढे तो इलिनॉय विद्यापीठात गेला, पण पदवी पूर्ण केली नाही. पहिलं महायुद्ध आलं, तोफखान्यात अधिकारी झाला, फ्रान्सला जाऊन आला. परत आल्यावर शिकागोत एका बॅटरीच्या कंपनीत नोकरी, 1920 मध्ये लिलियनशी लग्न. इथपर्यंत सगळं चारचौघांसारखं.

मग 1921 मध्ये त्याने मित्र एडवर्ड स्टुअर्टबरोबर स्वतःचा बॅटरीचा कारखाना काढला. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, मार्शफील्ड नावाच्या गावात. मोटारी वाढत होत्या, घरोघरी रेडिओ येत होते, आणि दोघांनाही बॅटरी लागायची. हिशेब चुकीचा नव्हता. पण गाव आडबाजूला, बॅटऱ्या म्हणजे शिशाचा जड माल आणि वाहतुकीचा खर्च भारी. 1923 मध्ये कर थकला म्हणून सरकारने कारखान्याला टाळं ठोकलं. असं सांगतात की पॉल जेवून परत आला तेव्हा दाराला सील होतं आणि आत खुंटीवर लटकलेला स्वतःचा ओव्हरकोटही त्याला काढू दिला नाही. विस्कॉन्सिनची थंडी काय असते हे ज्याचं कुणी तिकडे शिकायला गेलंय त्यालाच विचारा. घरी एक वर्षाचा मुलगा होता.

शिकागोला परत येऊन त्याने ब्राख नावाच्या चॉकलेट-गोळ्यांच्या कंपनीत मालकाचा सेक्रेटरी म्हणून नोकरी धरली. तिथेच राहिला असता तर आयुष्य बरं गेलं असतं. पण 1926 मध्ये स्टुअर्टने पुन्हा बोलावलं आणि पॉल पुन्हा बॅटरीच्याच धंद्यात गेला. आता त्यांच्याकडे एक नवीन चीज होती, तिचं नाव बॅटरी एलिमिनेटर. ही काय भानगड होती ते नीट समजून घ्या, कारण आपल्या ॲम्पच्या प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे.

त्या काळचा घरातला रेडिओ भिंतीच्या प्लगवर चालत नसे. आत व्हॉल्व्ह असायचे, काचेच्या बल्बसारखे. त्यांना दोन वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांची गरज. एक, आतली तार लाल करण्यासाठी कमी व्होल्टेजचा पण भरपूर करंट देणारा. त्यासाठी ॲसिडची जड बॅटरी. दुसरा, आवाज वाढवण्याचं खरं काम करण्यासाठी शंभर-दीडशे व्होल्टचा. त्यासाठी ड्राय बॅटऱ्यांची माळ. म्हणजे दिवाणखान्यात रेडिओ, त्याखाली ॲसिडची बॅटरी, आणि ॲसिड सांडलं की खाली गालिचाला भोक. एलिमिनेटर म्हणजे असा डबा जो भिंतीतल्या विजेपासून हे सगळे व्होल्टेज तयार करून द्यायचा. बॅटरीची कटकटच संपली. गंमत बघा, बॅटरी विकून बुडालेला माणूस आता बॅटरी घालवणारं यंत्र विकायला निघाला होता.

आणि तरीही तो बुडाला. सुरुवातीच्या एलिमिनेटरमध्ये दोष निघाले, माल परत येऊ लागला आणि 1928 मध्ये हाही धंदा जप्त झाला. मालमत्तेचा लिलाव पुकारला गेला. त्या लिलावात पॉल गेला आणि स्वतःच्याच बुडालेल्या धंद्यातला एलिमिनेटरचा भाग 750 डॉलरला विकत घेतला. 25 सप्टेंबर 1928 रोजी शिकागोच्या हॅरिसन स्ट्रीटवर भाड्याच्या जागेत त्याने आणि धाकटा भाऊ जोसेफ याने गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन सुरू केली. पाच कामगार, हातात रोख 565 डॉलर. पहिल्या आठवड्याचा सगळ्यांचा मिळून पगार 63 डॉलर झाला. वय तेहतीस, दोनदा दिवाळं निघालेलं.

तिसऱ्यांदाही तेच होणार अशी चिन्हं दिसायला वेळ लागला नाही. थेट प्लगवर चालणारे रेडिओ बाजारात आले. ज्या रेडिओला बॅटरीच नको त्याला एलिमिनेटर कशाला? त्यात 1929 च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. पॉल दुसऱ्या कंपन्यांसाठी त्यांच्या नावाचे रेडिओ बनवून देत होता, त्या कंपन्याच गिऱ्हाइकासाठी रडत होत्या. अशात त्याला कळलं की काही ठिकाणी हौशी श्रीमंत लोक आपल्या मोटारीत रेडिओ बसवून घेतात आणि त्यासाठी दोन-अडीचशे डॉलर मोजतात. त्याने ठरवलं, हेच आपण कारखान्यात बनवायचं आणि निम्म्या किमतीत विकायचं. जून 1930 मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं मोठं अधिवेशन होतं. त्याआधी चालणारा नमुना तयार हवा होता.

घरातला रेडिओ उचलून गाडीत ठेवायचा, त्यात काय मोठंसं? असं वाटत असेल तर तुम्ही आणि डिकीतला ॲम्प मंडळात लावू पाहणारा तुमचा मित्र एकाच बाकावर बसलेले आहात.

पहिली अडचण विजेची. शहरातल्या घरांत तेव्हा भिंतीत शंभराच्या वर व्होल्ट होते, गाडीत होते सहा. आजच्या गाडीत बारा असतात, तेव्हाच्या अमेरिकन गाड्यांत सहाच. व्हॉल्व्हला तर शंभर-दीडशे हवेत. मग काय केलं? पायाखालची फळी कापली आणि तिथे खास रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या बसवल्या. म्हणजे ज्या बॅटऱ्या घरातून हद्दपार करण्यात पॉलने चार वर्षं घालवली, त्याच आता त्याला गाडीत घालाव्या लागल्या.

दुसरी अडचण आवाजाची, पण गाण्याच्या नव्हे, इंजिनाच्या. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ प्रक्षेपण केंद्रच. अगदी सुरुवातीचे बिनतारी संदेश ठिणग्यांनीच पाठवले जात, हे शाळेत वाचलं असेल. तर गाडीतला रेडिओ बाहेरचं स्टेशन पकडायच्या आधी स्वतःच्याच इंजिनाचं स्टेशन पकडायचा. कडकड, फडफड, आणि ॲक्सिलरेटर दाबला की कडकड आणखी जोरात. प्लगच्या वायरींवर रेझिस्टर, डायनॅमोवर कपॅसिटर, रेडिओला लोखंडी डबा, असं करत करत ते आवाज एकेक करून दाबावे लागले. तुमच्या गाडीत नवीन ॲम्प बसवल्यावर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी उतरणारी शीळ ऐकू आली असेल, तर तीही याच घराण्यातली. फक्त ती बहुतेकदा ठिणगीची नसते, अल्टरनेटरची असते आणि ढिसाळ अर्थिंगमधून स्पीकरपर्यंत पोचते.

तिसरी अडचण जागेची, धक्क्यांची, उन्हाची. व्हॉल्व्ह काचेचे, रस्ते खडीचे. बाकी तुम्ही समजून घ्या.

या कामात त्याच्याबरोबर दोन तरुण होते त्यांचीही नावं घ्यायला हवीत. एक बिल लिअर, ज्याने पुढे लिअरजेट नावाची छोटी विमानं काढली आणि गाडीत वाजणारी आठ ट्रॅकची टेपही आणली. दुसरा एल्मर वेव्हरिंग, जो गाडीत रेडिओ बसवण्यात वस्ताद होता आणि पुढे याच कंपनीचा अध्यक्ष झाला. दोघंही विशीतले.

मधल्या काळात पैसे संपत आले होते. पॉल कर्ज मागायला बँकेत गेला आणि साहेबावर छाप पडावी म्हणून साहेबांच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. पुढचा किस्सा कंपनीच्या लोककथेत पक्का बसलाय: अर्ध्या तासात पॅकार्डने पेट घेतला. कर्ज मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

तरी तो निघाला. अधिवेशनात स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. स्वतःच्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवला, लिलियनला बरोबर घेतलं आणि शिकागो ते अटलांटिक सिटी असा सुमारे 1300 किलोमीटरचा प्रवास केला. हा प्रवास म्हणजेच चाचणी. वाटेत रेडिओ मेला असता तर तिथे पोचून दाखवायला काही नव्हतं. तो मेला नाही. अधिवेशनाच्या बाहेर रस्त्यावर गाडी लावून पॉलने आवाज मोठा केला आणि आत-बाहेर करणाऱ्या व्यापाऱ्यांना थांबवून थांबवून दाखवलं. पहिला परवडणारा कार रेडिओ असा दुकानात नव्हे, रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीत बसून विकला गेला. पुरेशा ऑर्डरी घेऊनच तो परतला.

मॉडेलचा नंबर होता 5टी71, किंमत 110 ते 130 डॉलर. स्वस्त म्हटलं तरी त्या काळात फोर्डची अख्खी नवी गाडी पाच-सहाशे डॉलरच्या आसपास मिळायची, म्हणजे आजच्या हिशेबाने हॅचबॅकच्या किमतीच्या पाचव्या भागाचा स्टिरिओ. त्याला नाव हवं होतं. तेव्हा आवाजाच्या वस्तूंना शेवटी 'ओला' लावायची टूम होती, व्हिक्ट्रोला, रेडिओला वगैरे. मोटार अधिक ओला, मोटोरोला.

आता त्याच वर्षांत दुसरीकडे काय चाललं होतं तेही पाहू. बोलपट आले होते. 14 मार्च 1931 ला मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि भारतातल्या प्रेक्षकाने पहिल्यांदा पडद्यावरची माणसं बोलताना, गाताना ऐकली. जगभरातल्या अशा थिएटरांत पडद्यामागे मोठाले कर्णे आणि त्यांना ताकद देणारे मोठाले ॲम्प्लिफायर बसत होते. आजच्या डीजे ॲम्पचे आजोबा तेच. ते कपाटाएवढे असले तरी चालत होतं, जड असले तरी चालत होतं, कारण त्यांना कुठे जायचं नव्हतं. वीज इमारतीतून हवी तेवढी येत होती. तापले तर पंखा होता, बिघडले तर माणूस होता. त्यांच्याकडून एकच अपेक्षा, खेळामागून खेळ न थकता वाजत राहणं आणि लांबच्या बाकापर्यंत पोचणं.

गॅल्विनचा डबा आणि थिएटरचं कपाट, दोघांच्या आत व्हॉल्व्ह तेच आणि आवाज वाढवायचं तत्त्वही तेच. फरक होता तो मागून येणाऱ्या विजेचा. आज नव्वदहून अधिक वर्षांनी कार ॲम्प आणि प्रोफेशनल ॲम्प शेजारी उघडून ठेवलेत तरी पहिला फरक तिथेच दिसेल. चला, थोडं गणित करू. घाबरू नका, नववीचं आहे.

गाडी चालू असताना तुम्हाला मिळतात साधारण 14 व्होल्ट. डॅशबोर्डवरच्या स्टिरिओवर 4 गुणिले 50 वॅट असं लिहिलेलं असतं. हा आकडा कुठून येतो? 14.4 चा वर्ग केला, 4 ओहमने भागलं, उत्तर 52 च्या जवळ. पण हे कधी, तर स्पीकरला सगळा वेळ पूर्णच्या पूर्ण व्होल्टेज मिळाला तर. तसं झालं तर जे ऐकू येईल त्याला गाणं म्हणत नाहीत, फाटणं म्हणतात. स्वच्छ सुरासाठी त्याचं निम्मं, म्हणजे 26, आणि आतल्या तूटफुटीनंतर हातात उरतात 18-20 वॅट. याहून जास्त 14 व्होल्टमधून 4 ओहमच्या स्पीकरवर निघतच नाहीत, मग कंपनी कुठलीही असो. स्पीकर 8 ओहमचा लावलात तर तेही निम्मे होतात. म्हणूनच कार ऑडिओवाले 4 ओहम, 2 ओहम, प्रसंगी 1 ओहमच्या मागे लागतात, आणि मंडळाच्या सिस्टिममधले कॅबिनेट बहुतेक 8 ओहमचे असतात. डिकीतला ॲम्प मंडळाच्या कॅबिनेटला लावला की हवा निघाल्यासारखा का वाजतो, याचं निम्मं उत्तर हे.

मग डिकीतला मोठा ॲम्प हजार वॅट देतो तो कसा? 4 ओहमवर हजार वॅट म्हणजे स्पीकरला जवळपास 63 व्होल्ट हवेत. गाडीत ते नाहीत, तर ते बनवावे लागतात. कार ॲम्पच्या पत्र्याखाली निम्मी जागा याच कामात जाते. बॅटरीची सरळ वीज सेकंदाला हजारो वेळा तोडायची, ट्रान्सफॉर्मरमधून चढवायची आणि पुन्हा सरळ करायची.

ओळखीचं वाटतंय? वाटायला हवं. कारण पॉलच्या लोकांना जमिनीखालच्या बॅटऱ्या लवकरच नकोशा झाल्या आणि तिशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच कार रेडिओत व्हायब्रेटर नावाचा तुकडा आला. एक लवचिक पट्टी, ती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरत सहा व्होल्टची वीज तोडायची, पुढे ट्रान्सफॉर्मर ती चढवायचा. रेडिओ चालू केला की गाण्याआधी गुंईऽ असा आवाज यायचा तो या पट्टीचा. तुमच्या डिकीतल्या ॲम्पमध्ये थरथरणारी पट्टी नाही, मॉस्फेट आहेत, ते कितीतरी पटींनी वेगाने आणि गुपचूप तेच करतात. काम बदललेलं नाही.

पण व्होल्टेज चढवलं म्हणून वीज फुकट मिळत नाही. हजार वॅट बाहेर द्यायचे तर साडेबाराशे आत घ्यावे लागतात. 14 व्होल्टला भागा: जवळपास 90 अँपिअर. हेच 230 व्होल्टवर करा: साडेपाच. प्रोफेशनल ॲम्पची वायर मिक्सरच्या वायरएवढी आणि कार ॲम्पची वायर बोटाएवढी जाड का, ते आता कळलं? बॅटरीच्या अगदी जवळ मोठा फ्यूज का लावतात तेही. तो नसेल आणि डिकीपर्यंत जाणारी वायर वाटेत पत्र्याला घासली, तर त्या पॅकार्डचं जे झालं ते तुमच्या गाडीचं होईल.

मंडळात कार ॲम्प लावायचा तर हे 90 अँपिअर आणणार कुठून? कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर लावणारे महाभाग मी पाहिलेत. तो बिचारा 12 व्होल्टवर वीस-तीस अँपिअर देतो आणि पहिल्या ढोलाच्या ठोक्याला मान टाकतो. गाडीची बॅटरी आणून ठेवली तर छोट्या गाडीची पस्तीस-चाळीस अँपिअर-तासांची, पूर्ण ताकदीने अर्धा तासही पुरणार नाही. आणि मिरवणूक किती तास चालते ते तुम्हाला माहीत आहे. प्रोफेशनल ॲम्प मुळात याच तासांसाठी बनवलेला असतो. म्हणून त्याला पंखे, म्हणून तो रॅकमध्ये बसतो, म्हणून त्याच्या मागे जाडजूड लॉक होणारी कनेक्टर. त्याचं इनपुटही वेगळं. मिक्सरपासून पन्नास मीटर केबल ओढली तरी गुणगुण येऊ नये म्हणून त्यात सिग्नल दोन वायरींतून उलटसुलट पाठवतात आणि वाटेत चिकटलेला कचरा शेवटी वजा होतो. कार ॲम्पला डॅशपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर जायचं असतं, त्याला साधी आरसीए चालते. आणि कार ॲम्पला चालू करायला एक वेगळी बारीक वायर लागते, स्टिरिओ चालू झाला की तिच्यातून 12 व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. मंडळातल्या प्रयोगात ती वायर विसरल्यामुळे चांगला ॲम्प मेला असं समजून कोपऱ्यात पडलेला असतो, ही जाता जाता टीप.

उलट दिशेचा प्रयोग, इन्व्हर्टर लावून गाडीत प्रोफेशनल ॲम्प, हा तर द्राविडी प्राणायाम. इन्व्हर्टर 12 चे 230 करणार, ॲम्प 230 चे पुन्हा साठ-सत्तर करणार, दोन्हीकडे वीज वाया जाणार, आणि शेवटी ओढली जाणार ती त्याच बिचाऱ्या बॅटरीतून. टेम्पोवर सिस्टिम लावणारे वेगळा जनरेटर आणतात ते हौस म्हणून नव्हे.

पॉलकडे परत येऊ. सुरुवात खडतर होती. रेडिओ बसवायला माणसं लावून दिवसच्या दिवस जायचे; डॅशबोर्ड उघडा, फळी कापा, छताचं अस्तर काढून अँटेना घाला. गाडी चालवताना गाणी ऐकली तर लोक रस्ता विसरतील म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये आणि सेंट लुईस शहरात बंदीचे प्रस्तावही आले. (मोबाइलबद्दल आज जे बोलतात तेच. फरक एवढाच की मोबाइलबद्दल ते खरं आहे.) पण मंदीतही मोटोरोला विकला गेला. लोकांनी नवी गाडी घेणं लांबणीवर टाकलं, जुन्या गाडीत रेडिओ मात्र घातला. टायरच्या दुकानांतूनही तो बसवून मिळू लागला.

1936 मध्ये पोलिसांच्या गाड्यांसाठी खास रिसीव्हर आला. त्याच वर्षी पॉल कुटुंबासह युरोपला गेला आणि जर्मनीत युद्धाची तयारी पाहून अस्वस्थ होऊन परतला. अमेरिकन सैन्याला लागणारा हातातला रेडिओ त्याच्या कंपनीने 1940 मध्ये तयार केला आणि पाठीवरचा वॉकीटॉकी 1943 मध्ये, त्यामागे डॅनियल नोबल हा इंजिनिअर. बघा, पुन्हा बॅटरी. सैनिकाला प्लग कुठे मिळणार?

1942 च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोजवळच्या एव्हन्स्टनमधल्या घरात लिलियनची आणि घरात काम करणाऱ्या बाईची हत्या झाली. गुन्हेगार सापडले नाहीत. अटलांटिक सिटीच्या प्रवासात शेजारच्या सीटवर बसलेली, दोन दिवाळी आणि दोन दिवाळखोऱ्या बरोबरीने पाहिलेली बायको. त्या वर्षी कारखाना युद्धासाठी रात्रंदिवस चालू होता आणि तो चालूच राहिला. यावर अधिक लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

1947 मध्ये कंपनीने गॅल्विन हे नाव टाकलं आणि उत्पादनाचंच नाव घेतलं, मोटोरोला. किती मालक स्वतःचं आडनाव पाटीवरून स्वतः उतरवतील? पॉलला त्याचं विशेष वाटलेलं दिसत नाही. त्याला दुसरीच गोष्ट दिसत होती. 1949 मध्ये नोबलच्या आग्रहावरून कंपनीने ॲरिझोनातल्या फीनिक्सला एक प्रयोगशाळा उघडली होती, ट्रान्झिस्टरसाठी. ट्रान्झिस्टर तेव्हा नुकता जन्माला आलेला. मोटोरोलाने त्यातून ताकदीचा ट्रान्झिस्टर बनवायचं मनावर घेतलं आणि 1955 मध्ये कार रेडिओसाठी जर्मेनियमचा हाय पॉवर ट्रान्झिस्टर बाजारात आणला.

याचं महत्त्व लक्षात येतंय ना? ट्रान्झिस्टरला शंभर-दीडशे व्होल्ट लागत नाहीत. तो गाडीच्या बारा व्होल्टवर खूश असतो. थरथरणारी पट्टी गेली, चढवणारा ट्रान्सफॉर्मर गेला, गुंईऽ गेलं. 1921 पासून पॉल ज्या बॅटरीशी भांडत होता तिला जुळणारा भिडू पस्तिसेक वर्षांनी मिळाला. 1956 मध्ये त्याने अध्यक्षपद मुलाकडे, रॉबर्टकडे दिलं. हा तोच मुलगा, ओव्हरकोटच्या वेळी एक वर्षाचा असलेला. 5 नोव्हेंबर 1959 रोजी ल्युकेमियाने पॉल गॅल्विन गेला, चौसष्टाव्या वर्षी.

पुढचं त्याने पाहिलं नाही. वेव्हरिंगचं नाव गाडीच्या अल्टरनेटरच्या विकासाशी जोडलं जातं; जुन्या डायनॅमोच्या जागी तो आला म्हणून तर आज गाडीत सत्तर-ऐंशी अँपिअर मिळतात आणि डिकीत ॲम्प ठेवायची चैन करता येते. आणि गाडीतल्या रेडिओसाठी ज्या कारखान्यात ताकदीचे ट्रान्झिस्टर बनू लागले, तिथूनच पुढे हॉलमधल्या, स्टेजवरच्या मोठ्या ॲम्प्लिफायरसाठीही ट्रान्झिस्टर गेले. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानात ॲम्प दुरुस्त करणाऱ्या एखाद्या काकांना विचारा. ड्रॉवर उघडतील आणि दोन पायांचे, लोखंडी टोपीचे, रुपयाहून मोठे ट्रान्झिस्टर काढून दाखवतील. त्यातल्या काहींवर बारीक अक्षरात वटवाघळाच्या पंखांसारखा 'एम' छापलेला असेल. तो एम पॉपकॉर्न विकणाऱ्या त्या पोराच्या कंपनीचा.

तेवढ्यात काकांना तुमच्या डिकीतल्या ॲम्पबद्दलही विचारून घ्या. फ्यूज कुठे लावलाय, हे ते आधी विचारतील.